तोंडाशी चपला

सूनबाईला घरभर चपला मिरवायची सवय आहे, ही तक्रार क्षमाच्या सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात केली होती. तक्रार अर्धीच खरी होती. क्षमा घरात चपला घालत नसे. ती त्या हातात घेऊन यायची आणि ज्या खोलीत जायचं तिच्या उंबऱ्याबाहेर जोडून ठेवायची. न्हाणीघरात गेली की न्हाणीघराच्या दाराशी, कोठीच्या खोलीत गेली की तिथल्या दाराशी. "अगं, देवघर शेजारी आहे," असं म्हणत सासूबाई त्या उचलून जिन्याखाली नेऊन ठेवत. बाहेर आल्यावर चपला दिसल्या नाहीत की क्षमाच्या मानेमागे काहीतरी गच्च व्हायचं. पण ती बोलायची नाही. न बोलण्यावरच तर तिला पसंत केली होती.

"मुलगी शांत आहे," असं बघण्याच्या वेळी तिच्या आईनं, माईनं, सांगितलं होतं. "लहानपणी एवढा प्रसंग आला, पण हूं की चूं केलं नाही पोरीनं." काय प्रसंग, ते साताऱ्याच्या मंडळींनी विचारलं नाही. हरिपूरच्या हळदीच्या व्यापाऱ्याची मुलगी, बी.एस्सी. झालेली, शांत. एवढं पुरेसं होतं.

या शांतपणाचं बिंग फुटलं ते चार वर्षांनी, मार्चअखेरीला.

देवदत्त पाटबंधारे खात्यात, तो ऑफिसला गेलेला. सासूबाई भाजीला. अडीच वर्षांची स्वानंदी चेंडूमागे धावत न्हाणीघरात शिरली, तिनं दार ढकललं आणि आतली कडी खाली पडली. आत बंब पेटलेला होता. तांब्याचा मोठा बंब, निखारे लाल, तोटी पोरीच्या हाताच्या उंचीवर. आधी आतून हसणं आलं, मग कडी हलवायचा आवाज, मग रडणं. "आई, दाल."

क्षमा दाराबाहेर उभी होती. काय करायचं ते तिला सगळं कळत होतं. मागच्या अंगणातून खिडकी आहे, तिला नुसती जाळी आहे, स्टूल ओट्यावर आहे. डोकं धावत सुटलं होतं, पण पाय दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे जमिनीला चिकटलेले. हात वर उचलेना. कानांत कापूस कोंबल्यासारखं झालं, श्वास गळ्याच्या वर यायला तयार नव्हता. तोंड उघडून एक शब्दसुद्धा आत पाठवता आला नाही तिला.

भांडीवाली साळूबाई मागच्या दारानं आली म्हणून निभावलं. तिनं जाळी फाडली, धुणं वाळत घालायच्या काठीनं कडी उचलली आणि पोरीला काखोटीला मारून बाहेर आणलं. पोरगी धड होती. साळूबाईनं मात्र जे पाहिलं ते सरळ मनानं चार घरी सांगितलं. "वयनी नुस्त्या हुब्या व्हत्या बगा. खांबावानी. मला वाटलं, अंगात आलंय जनू. पोरगी आत वरडतीया आन् ह्या आपल्या टकामका."

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. उलट सगळे एकदम मायाळू झाले. "तू स्वयंपाक बघ, मी बघते तिच्याकडे." "तू पड जरा, मी घालतो तिला आंघोळ." दुपारी सासूबाई नातीला घेऊन स्वतःच्या खोलीत निजायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. क्षमा भाजी निवडता निवडता त्या दाराच्या बिजागरीकडे बघत बसायची. आपल्यापासून आपल्या पोरीला वाचवायचा या घरानं चंग बांधलाय, आणि इतक्या प्रेमानं बांधलाय की भांडायलासुद्धा जागा नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

मग कराडहून वन्संचा फोन आला. त्यांचे दोन्ही मुलगे शाळेत जाणारे, घरासमोरच बालवाडी. जूनपासून स्वानंदीला तिकडेच पाठवा म्हणाल्या.

"कराड काय लांब आहे का?" देवदत्त जेवताना म्हणाला. "तासाभराचा रस्ता. दर रविवारी जाऊ. तूही जरा मोकळी होशील."

"मी कुठं अडकलेय?" क्षमानं विचारलं.

देवदत्तनं आईकडे पाहिलं. सासूबाईंनी आमटी वाढली. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई मशीनवर कराडसाठी फ्रॉक शिवायला बसल्या.

क्षमाची मान त्याच आठवड्यात धरली. डावीकडे वळेचना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, टॉनिक दिलं, "नर्व्हस आहेत जरा" असं देवदत्तला सांगितलं आणि व्यायाम आणि शेक घ्यायला लिहून दिलं. मिरजेला चांगली बाई आहे म्हणून माईनं तिला हरिपूरला बोलावून घेतलं. स्वानंदी साताऱ्यातच राहिली. "तुझी धावपळ नको," सासूबाई म्हणाल्या. एसटी सुटली तेव्हा पोरगी आजीच्या कडेवर होती आणि क्षमाला मागं वळून बघता आलं नाही. मान वळत नव्हती.

मिरजेला सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर सुमंतबाईंचा दवाखाना होता. खालून दिवसभर तारा छेडल्याचा आवाज यायचा. एकच तार, पुन्हा पुन्हा, मनासारखी लागेपर्यंत. सुमंतबाई पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, टेबलाच्या खणात शेंगदाण्यांचा डबा. लकवा झालेले, पोलिओची पोरं, कारखान्यात हात सापडलेले असे रुग्ण बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. क्षमाच्या खांद्यावर बोटं ठेवून त्या बराच वेळ नुसत्या थांबल्या.

"घाबरल्यावर काय होतं तुम्हाला?"

"काही होत नाही," क्षमा म्हणाली. "तोच तर घोटाळा आहे."

"कधीपासून काही होत नाही?"

हा प्रश्न तिला याआधी कुणी विचारला नव्हता. मग तिनं ती गोष्ट सांगितली. घरात सांगायचे तशीच, हसत, गंमत म्हणून.

हरिपूरला हळद जमिनीखाली पेवात साठवतात. पेव म्हणजे मातीच्या पोटात खोदलेला मोठा रांजणच. तोंड एका माणसापुरतं, आत मात्र खोलीएवढी जागा. तोंडावर फरशी, फरशीवर माती, की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. पेव उघडलं की एक दिवस वारं जाऊ द्यायचं, मग कंदील सोडून बघायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा. उतरणाऱ्यानं आपल्या चपला पेवाच्या तोंडाशी काढून ठेवायच्या. चपला आहेत तोवर आत माणूस आहे, हे हमालाच्या पोरालाही ठाऊक. आणि क्षमाच्या घरी आणखी एक रीत होती. पेव उघडलं की पहिली ओंजळ घरच्या लेकीनं काढायची.

त्या वर्षी ती नऊ वर्षांची होती. मानाची लेक म्हणून दोराला पाळणा बांधून तिला उतरवली. नव्या चपला तिनं तोंडाशी ठेवल्या होत्या, लाल पट्ट्यांच्या, संगमेश्वराच्या जत्रेतल्या. ती हळदीत बसून ओंजळ भरत होती आणि वर वळवाचा पाऊस आला. एकच पळापळ झाली. हळद भिजली तर पेवाची माती होते. अंगणात सुकत घातलेलं आवरायला माणसं धावली. आणि आज्जीनं, तिच्या लाडक्या आज्जीनं, जाता जाता लाल चपला उचलून पदराखाली घेतल्या. पोरीच्या नव्या चपला भिजतील म्हणून. मागून हमाल बिराप्पा आला. तोंडाशी चपला नाहीत, म्हणजे पोर वर आली. त्यानं दोर ओढून घेतला, फरशी सरकवली आणि वर माती लोटली.

"मग?" सुमंतबाईंनी विचारलं.

"मग काय. आजोबांनी शिकवलं होतं, पेवात दम कोंडला तर हलायचं नाही, ओरडायचं नाही. आतलं वारं पुरवून वापरायचं. मी तशीच बसले. पाऊस ओसरल्यावर कुणीतरी विचारलं, क्षमी कुठाय? तेव्हा काढलं. सगळे म्हणाले, केवढी शहाणी पोर, हूं की चूं केलं नाही. बिराप्पा तेवढा रडत होता. चपला न्हाईत म्हनून म्या, चपला न्हाईत म्हनून म्या, एवढंच म्हणत होता." ती हसली. "लग्नाकार्यात अजून सांगतात ही गोष्ट."

"छान सांगता," सुमंतबाई म्हणाल्या. "आता तुमचे अंगठे कुठं आहेत ते बघा."

क्षमानं खाली पाहिलं. दोन्ही हातांचे अंगठे मुठीच्या आत होते, आणि मुठी इतक्या घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडलेली.

"तोंड वर येऊन गोष्ट सांगतंय," सुमंतबाई डब्यातले शेंगदाणे पुढं करत म्हणाल्या. "बाकीच्या तुम्ही अजून आत आहात. झूलॉजीवाल्या ना? बेडूक कापलेत?"

"कापलेत."

"मग नस चिमटली की पाय उडतो, त्याला बेडकाची परवानगी लागत नाही, हे ठाऊक आहे तुम्हाला. जीवावर बेतलं की अंग पळतं, नाहीतर उलटून मारतं. आणि दोन्हीला जागाच नसली की मेल्यासारखं पडतं. ते भित्रेपण नव्हे. पेवात तुमच्या अंगानं अगदी बरोबर केलं, म्हणून तर आज तुम्ही माझे शेंगदाणे खाताय. फक्त तुम्हाला बाहेर काढलंय हे त्याला कुणी कळवलं नाही. दार बंद झालं की ते आपलं वारं पुरवायला बसतं."

"मग कळवू कसं?"

"सांगून कळत नाही त्याला. मराठीत नाही आणि इंग्रजीतही नाही. पाय कळतात, भिंत कळते."

मग रोजच्या त्या विचित्र शिकवण्या सुरू झाल्या. भिंतीला दोन्ही हात टेकवून ढकलायचं, भिंत हलवायची आहे असं समजून. टाचा जमिनीत रोवायच्या आणि जमीन गार आहे की कोमट ते सांगायचं. डोळे सावकाश फिरवून खोलीतल्या वस्तू बघायच्या: खिडकी, पंखा, दार, दाराची मूठ. दार थोडं लोटायचं. छातीत कोंडायला लागलं की थांबायचं, पुन्हा पाय. क्षमाला या सगळ्याचं हसू यायचं आणि संतापही. पोरगी परक्याच्या घरी जायची वेळ आली आणि मी इथं जमिनीची चौकशी करत बसलेय.

एके दिवशी गुडघे वर घेऊन चटईवर पडली असताना तिच्या मांड्या थरथरायला लागल्या. आधी बारीक, मग दाढा वाजतील इतक्या. तिनं लाजून गुडघे गच्च मिटले.

"धरू नका," सुमंतबाई जागच्या जागी बसून म्हणाल्या. "येऊ दे. मी आहे इथं. थांबावंसं वाटलं तर हात वर करा."

"पेवातनं काढल्यावर असंच झालं होतं," क्षमा दात वाजत असताना म्हणाली. "आज्जीनं घोंगड्यात गुंडाळून घट्ट धरून ठेवलं. हलू नको बाळ, हलू नको म्हणाली."

"मायेनं धरलं. पण अंगाचं काम अर्ध्यावर राहिलं."

हळदीचा वास आला. खोलीत हळद नव्हती. थरथर पोटऱ्यांतून टाचांपर्यंत गेली आणि खाली सतारवाल्याची तार लागावी तशी हळूहळू बसत गेली. त्यानंतर तिला इतकी मोठी जांभई आली की जबडा कडकन वाजला. मान डावीकडे वळली. पूर्ण नाही, पण खिडकी दिसण्याइतकी.

हा काही चमत्कार नव्हता. परतीच्या एसटीचं दार कंडक्टरनं धाडकन ओढलं तेव्हा क्षमा पुन्हा पेवात गेली, आणि कराडच्या स्टँडवर येईपर्यंत तिथंच होती. फरक एवढाच की आपण कुठं गेलोय हे तिला या वेळी ठाऊक होतं.

घरी आली तर स्वानंदी अंगणात पडली. गुडघा खरचटला आणि ती रडत उठली. क्षमा दोन हात पसरून पुढं झाली. पोरगी तिच्या शेजारून पळत गेली आणि आजीच्या पदरात शिरली.

संध्याकाळी सासूबाई फ्रॉकना गुंड्या लावत होत्या. क्षमा समोर जाऊन बसली.

"आई, मला एक दुपार द्या."

"कसली दुपार?"

"मी आणि स्वानंदी. मधल्या खोलीत. कडी आतून लावून."

सासूबाईंनी सुई थांबवली. "दार उघडं ठेवून बस की. कोण नको म्हणतंय?"

"उघड्या दारात मला काही होतच नाही, आई. त्यातून काय कळणार?"

"आणि पुन्हा खांब झालीस तर?"

"होईन. होईनच बहुतेक." खोटं सांगावं असं क्षणभर तिच्या मनात आलं. "पण त्यातून बाहेर यायला शिकतेय. खोलीत बंब नाही, चूल नाही. तुम्ही बाहेर बसा. मी हाकेला ओ दिली नाही तर खिडकीतून या आणि मग खुशाल कराडला पाठवा. मी अडवणार नाही."

हे शेवटचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं. पण शब्द सुटला होता.

"एक मागणं आहे. त्या वेळी माझ्या चपला दाराशी राहू देत. उचलू नका."

"त्या चपलांचं काय एवढं मांडून ठेवलंयस गं?"

मग क्षमानं सांगितलं. या वेळी ती हसली नाही. सांगता सांगता अंगठे आत गेले. तिनं ते बाहेर काढले, पुन्हा गेले, पुन्हा काढले. सासूबाईंचं लक्ष त्या हातांकडेच होतं.

"चपला उचलल्या कुणी म्हणालीस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"आज्जीनं. नव्या होत्या. भिजतील म्हणून."

सासूबाईंनी गुंडीचा दोरा दातानं तोडला. बराच वेळ त्या फ्रॉकची शिवण चाचपत राहिल्या. "उद्या देवदत्त फिरतीवर आहे," म्हणाल्या. "तो असला की उगाच येरझाऱ्या घालेल."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर क्षमानं पोरीला मधल्या खोलीत नेलं आणि कडी लावली. लोखंड लोखंडावर बसल्याचा आवाज झाला. सुरुवातीला बरं चाललं. डब्यांच्या झाकणांची भातुकली झाली, चेंडू झाला. मग स्वानंदीला आजी आठवली.

"दाल उघड."

"थोड्या वेळानं, सोनू."

"आत्ता." ती दाराकडे गेली आणि दारावर थापा मारायला लागली. "आजी, दाल. दाल."

क्षमाच्या कानांत कापूस भरला. तिला वाटलं, आपण उठून पोरीला जवळ घेतोय, आणि मग कळलं की आपण उठलेलोच नाही. हात मांडीवर मेल्यासारखे पडले होते. हवा जड, पिवळी. कुठंतरी वर फरशी सरकत होती आणि कुणीतरी फार शहाणपणानं सांगत होतं: हलू नको, बोलू नको, वारं पुरवून वापर. पोरगी रडत होती. ते रडणं मातीच्या थरापलीकडून यावं तसं येत होतं.

"क्षमा?" बाहेरून सासूबाईंचा आवाज. "अगं क्षमा? ओ दे."

ओ द्यायची होती. एक अक्षर. ते गळ्याखाली दगडासारखं बसून होतं.

"क्षमा, मी खिडकीकडे जाऊ का? बोल गं काहीतरी."

पाय. पाय कुठं आहेत? तिनं शोधले. फार लांब होते, पण होते. उजव्या पायाचा अंगठा तिनं फरशीवर दाबला. शहाबादी, गार. पेवात गार काही नव्हतं, हळद उबदार असते. ही जमीन गार आहे. दुसरी टाच. पाठ भिंतीला लागली होती, तिनं ती मागं ढकलली, भिंत हलवायची आहे अशी. आणि मग गुडघ्यांतून थरथर सुटली. तिनं ती धरली नाही. मांड्या हलल्या, हात हलले, बांगड्या किणकिणल्या.

त्या किणकिणाटानं स्वानंदी रडायची थांबली. मागं वळली. डोळे पुसत जवळ आली आणि तिनं आईच्या गुडघ्यावर तळहात ठेवला.

"आई हलते," ती म्हणाली, नवीन खेळ बघावा तशी.

"हो," क्षमा म्हणाली. आवाज चिरका, पण तिचाच. "हलते. थांबेल आता."

"क्षमा?" बाहेर पाट सरकल्याचा आवाज झाला.

"आहे, आई," तिनं जरा मोठ्यानं सांगितलं. "आम्ही दोघी आहोत."

बाहेर पाट पुन्हा भिंतीशी सरकला. क्षमाही लगेच उठली नाही. थरथर बसेपर्यंत ती तशीच राहिली, आणि पोरगी तिचा गुडघा दाबून धरायची, सोडायची, पुन्हा हलतो का बघायची. मग हात पुन्हा तिचे झाल्यावर क्षमानं पोरीला कडेवर घेतलं, दाराशी गेली आणि कडी काढली. पहिल्यांदा बोटं घसरली. दुसऱ्यांदा निघाली.

दाराबाहेर सासूबाई पाटावर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. चेहरा घामानं डबडबलेला. त्यांच्या पुढ्यात, उंबऱ्याला लागून, क्षमाच्या चपला जोडून ठेवलेल्या होत्या, आणि वाऱ्यानं उडून जातील अशी भीती असावी तसा त्यांचा एक हात चपलांवर होता.

"देवघर शेजारी आहे, आई," क्षमा म्हणाली.

"असू दे. देव काही चपला उचलत नाही."

स्वानंदीनं आजीकडे झेप घेतली. सासूबाईंनी तिला घेतलं नाही. पोरीला त्यांनी परत आईच्या खांद्याकडे लोटलं आणि गुडघ्यावर हात देत उठायला लागल्या. मशीनवर शेवटचा फ्रॉक बिनगुंड्यांचा पडला होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं न पाहिलंसं केलं.

"उद्या मला पाटाऐवजी जाजम घालून दे," त्या म्हणाल्या. "कंबर धरली माझी."